चालता उंबरा

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? धडधडीत खोटं बोलणाऱ्यावर ठेवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एखादा माणूस खोटं एक अक्षर बोलत नाही आणि तरीही आपण त्याच्या बोलण्यानं खड्ड्यात पडतो, त्याचं काय करायचं? लगेच उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका, मग ठरवा.

एका बाजारगावात एक ताडपत्रीवाला होता. नाव बसलिंग. गाव घाटाच्या पायथ्याशी, चहूकडून रस्ते येऊन मिळालेले. गावात राहणाऱ्यांपेक्षा गावावरून जाणारेच जास्त, आणि बसलिंगचं गिऱ्हाईक तेच. सुरुवातीला तो नुसती ताडपत्री वाराच्या मापानं विकायचा. पुढं त्याच्या ध्यानात आलं, की हे लोक दुकानात येऊन ताडपत्री मागतात खरे, पण त्यांना हवं असतं घर. मग तो शिवायला शिकला, नळ्या वाकवायला शिकला, नाना तऱ्हेच्या गाठी शिकला. शाळा लहानपणीच सुटलेली. पण कुठं पाल उतरताना किंवा उभं राहताना दिसलं, की हा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून डोळे भरून बघायचा. तीच त्याची शाळा.

बोअर मारणाऱ्या टोळीला त्यानं लॉरीच्या कुशीला चिकटलेलं घर करून दिलं. लॉरी पळताना ते पापणीसारखं मिटलेलं असे आणि थांबली की उघडे. पवनचक्क्या उभारणारे आले. डोंगरावर सगळा कातळ, खुंटी ठोकायची सोय नाही, आणि वारा तर मुद्दाम बघून निवडलेला. बसलिंगनं त्यांच्या पालाच्या कोपऱ्यांना पाण्याचे रिकामे कॅन बांधून दिले. वर गेल्यावर भरायचे, निघताना ओतून टाकायचे. वजन तिथलंच वापरायचं, वाटभर वाहायचं नाही, हे त्याचं गणित. एकदा त्यांच्यातल्या एका आळशानं कोपऱ्यातल्याच कॅनच्या पाण्यानं आंघोळ केली. साबण डोळ्यांत असतानाच घर दरीकडे निघालं. तेव्हापासून त्या टोळीत आंघोळीचं पाणी वेगळं.

बसलिंगची एक रीत होती. घर तयार झालं की गिऱ्हाइकानं ते बांधून पाठीवर घ्यायचं, नाहीतर ज्या जनावरावर जाणार त्याच्यावर लादायचं, आणि बाजारातल्या पिंपळाच्या पाराला एक फेरी मारायची. तो म्हणायचा, घर जमिनीवर बघून घेऊ नका, पाठीवर बघून घ्या. एका ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरनं हौसेनं घडीची फडताळं मागितली, झोपाळा मागितला, भला मोठा आरसा मागितला. बसलिंगनं सगळं करून दिलं आणि फेरीला पाठवलं. झोपाळा पिंपळाच्या अलीकडेच उतरला, फडताळं पलीकडे उतरली. आरसा तेवढा परत आला, कारण मॅनेजरला मिशा होत्या.

तर असा हा बसलिंग. त्याच्याकडे दरवर्षी दिवाळी झाली की ठकूबाई कोळेकर यायची. मेंढरं घेऊन मुलूख फिरणारी धनगर बाई. नवरा वारल्यावर तिनं कळप सांभाळला होता, लेक बिरू वाढवला होता आणि लाडी नावाची घोडी पोसली होती. लाडीच्या पाठीवर सगळा संसार. पालाची फाटकी कड शिवून घ्यायची, दोर बदलून घ्यायचे, चहा प्यायचा आणि पुढं निघायचं, असा तिचा शिरस्ता.

या खेपेला तिनं कड शिवायला काढलीच नाही. बाकावर बसली आणि म्हणाली, "शेट, माझ्या पालाला उंबरा बसवून द्या."

बसलिंगला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं विचारलं, पालाला उंबरा कशाला?

तेव्हा ठकूबाईनं सांगितलं. बिरूची सोयरीक ठरली होती. मुलगी सुवर्णा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सिदराम वाघमोडे वायरमनची लेक. जात एकच, पण वाघमोड्यांच्या आज्यानं मेंढरं विकून गावात घर बांधलं, त्यालाही जमाना झाला. जत्रेत पोरापोरीची गाठ पडली, मग फोनवर बोलणं झालं, मग भागुजी नावाचा मध्यस्थ मध्ये पडला आणि सुपारी फुटली. आता मुलीच्या बापाचा निरोप आला होता, की माझी लेक माप ओलांडून ज्या उंबऱ्यातून आत जाणार, तो उंबरा बघायला मी येतो.

"आता उंबरा बघायला येणार म्हटल्यावर उंबरा नको?" ठकूबाई म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझं लगीन झालं तवा म्या दोर ओलांडून आले. सासूनं भुईवर दोर टाकला न् म्हणली, ह्योच उंबरा समज. म्या आजवर समजत आले. पर सुनेला समज म्हणायला जीभ रेटंना."

बसलिंगला नाही म्हणवेना. बघतो म्हणाला. पण डोक्यात चक्र सुरू झालं. सागाचा चांगला उंबरा म्हणजे केवढं वजन. लाडी आता तरणी राहिली नव्हती. घाटात तिचा पाय मुडपला तर ठकूबाईचा संसारच रस्त्यावर बसायचा.

त्याच दिवशी भागुजी दुकानात आला. गोड माणूस. आल्या आल्या बसलिंगच्या तब्येतीची, दुकानाची, दुकानासमोरच्या कुत्र्याचीही चौकशी केली. मग बाक पुढं ओढून हळूच खरी गोष्ट काढली. झालं असं होतं, की मुलीच्या बापापुढं त्यानं सांगितलं होतं, मुलाचा मोठा वाडा आहे, दाराशी घोडी आहे, शेकडो जीव रोज पोटभर खाऊन झोपतात. यात खोटं काय होतं? फिरस्त्या धनगराच्या तोंडी वाडा म्हणजे माणसं, मेंढरं, कुत्री, घोडी यांचा मिळून फिरता तळ. पण सिदराम वायरमननं जन्मभर तालुक्याच्या गावातल्या खांबांवर चढून वायरी ओढल्या. त्याच्या डोळ्यांपुढं वाडा उभा राहिला तो दगडी, दिंडी दरवाजाचा. भागुजीला हे तेव्हाच उमगलं होतं. पण त्यानं खुलासा केला नाही, पुढ्यातला चहा तेवढा संपवला.

आता त्याच्याकडे एक युक्ती होती. बाजारामागं बसलिंगचं दगडी गोदाम होतं. ऐसपैस, जुन्या बांधणीचं, पुढं ओटा. पोती ओढायला अडतो म्हणून त्याच्या दाराचा उंबरा कधीच काढून टाकलेला. बसलिंगनं पालासाठी जो उंबरा करायचा, तो एका दुपारपुरता तिथं बसवायचा. पाहुणे येतील, उंबरा बघतील, ओट्यावर बसून चहा घेतील आणि जातील. नंतर उंबरा ठकूबाईच्या पालाला. आणि वजनाची काळजी असेल तर आतून पोकळ करा, वर सागाचा रंग द्या, कोण कापून बघणार आहे?

"आणि पाहुण्यांनी विचारलं तर?" बसलिंगनं म्हटलं.

"विचारतील, हा वाडा का? आपण म्हणायचं, हा वाडा," भागुजी म्हणाला. "शेट, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पाप लागतं."

आता बसलिंग काही लबाड माणूस नव्हता. पण लबाडी नेहमी लोभाच्याच दारानं येते असं थोडंच आहे? कधी ती दयेच्या दारानंही येते, आणि तेव्हा तिला ओळखणं फार कठीण. त्याला सारखा तो भुईवर टाकलेला दोर दिसत होता. त्यानं मनाला समजावलं, एका दुपारचा तर प्रश्न आहे. एकदा माप ओलांडून पोरगी आली, की पाल काय आणि वाडा काय, नवराबायको रमतील. त्यानं प्लायवूडच्या पट्ट्या जोडून पोकळ उंबरा केला. वर सागाचा रंग दिला, रेषा ओढल्या, एक गाठसुद्धा रंगवली. इतका हुबेहूब, की सुतारानं हात लावून बघावा.

ठकूबाईला या युक्तीची कल्पनाच नव्हती. ती उंबरा न्यायला आली ती माप घेऊनच. सुनेनं ओलांडायचं पितळी माप, तिनं चिंचेनं घासून लख्ख केलेलं, वरपर्यंत ज्वारीनं भरलेलं. बसलिंग म्हणाला, फेरी राहू दे, हलकाच आहे. पण रीत तिला पाठ होती. तिनं उंबरा खांद्यावर घेतला, पाराला फेरी मारून आली आणि तो पिंपळाखाली ठेवला. त्याच्यावर माप ठेवलं.

उंबरा वाजला. रिकाम्या डब्यावर तांब्या ठेवावा तसा.

ठकूबाईनं माप उचललं आणि पुन्हा ठेवलं. पुन्हा तोच आवाज. तिनं वर बघितलं. रागानं नव्हे, नवल वाटून. "शेट, ह्यो आतून रिकामा हाय व्हय?"

बसलिंगनं आजवर कितीक घरं विकली. प्रत्येकाला वजन खरं सांगितलं, गिऱ्हाईक हातचं गेलं तरी सांगितलं. ज्याचं वजन लपवलं असं हे पहिलंच. त्याचा चेहरा उतरला. तो पाराच्या कडेला टेकला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. वाड्याचं, गोदामाचं, भागुजीच्या युक्तीचं, आणि आपण ती मान्य केली याचंही.

ठकूबाई ऐकत होती. तिला वाड्याच्या दोन अर्थांचा हा घोळ ठाऊकच नव्हता. तिच्या लेखी वाडा एकच. ऐकता ऐकता तिनं माप मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली, जशी एखादी बाई तान्ह्या लेकराला धरते. सोयरीक मोडली तर बिरूचं काय, हे तिलाही दिसत होतं. पोरगा फोनवर बोलताना मेंढरांकडं पाठ करून हसायचा, ते ती रोज बघत होती.

शेवटी म्हणाली, "सांगा त्यास्नी. दुसऱ्याच्या दाराला माझा उंबरा लावून सून आणली, तर पहिल्या मुक्कामालाच तिला कळंल. मग ती रडंल, न् तिला गप करायला माझ्यापाशी काय आसंल?"

बसलिंगनं तिथंच पारावर बसून ठकूबाईच्या फोनवरून सिदरामला फोन लावला. म्हणाला, "पाहुणे, तुम्ही जो उंबरा बघायला येणार, तो मी करतोय. एक गोष्ट आधी सांगतो. तो उंबरा चालतो."

"चालतो म्हणजे?"

"मेंढरांमागं चालतो. वाडा दगडाचा नाही. धनगरांचा वाडा आहे. रोज नव्या रानात असतो."

मग सिदराम म्हणाला, की बाजाराच्या दिवशी येतो. पण आता बघायला येत नाही, सोयरीक मोडायला येतो. तोंडावर सांगून मोडेन, पाठीमागून नाही. आणि फोन ठेवला.

ठकूबाई उठली. जाताना एवढंच म्हणाली, की मोडली तर मोडू दे, पण उंबरा भरीव करा.

आता भरीव उंबरा आणि म्हातारी घोडी, दोन्ही कसं जमवायचं? बसलिंग तळावर गेला आणि लाडी लादली जाताना बघत बसला, जसा तरुणपणी बसायचा. घोडीच्या पाठीवर खोगीर, खोगिरावर बाभळीची एक जाड आडवी फळी, दोर घोडीला काचू नये म्हणून. त्या फळीला सगळं सामान बांधलेलं. तळ पडला की सामान सुटायचं आणि फळी दगडासारखी बाजूला पडून राहायची, दुसऱ्या दिवसापर्यंत. बसलिंग हसला. उंबरा तर इतकी वर्षं लाडीच्या पाठीवर होताच. त्याला भुईवर कुणी उंबरा म्हटलं नव्हतं, इतकंच.

त्यानं फळी नेली. तासून चारी कडा सरळ केल्या. तासून निघालं तेवढं लाडीचं ओझं उलट कमीच झालं. दोन्ही टोकांना एकेक भोक पाडलं. पालाच्या पुढच्या नळ्या आता भुईत रोवायच्या नव्हत्या, त्या या भोकांत बसायच्या. म्हणजे उंबरा ठेवल्याशिवाय घर उभंच राहायचं नाही.

बाजाराच्या दिवशी सिदराम आला. सोबत सुवर्णा. भागुजीही आला, दुरून, कुंपणाच्या बाजूनं. ठकूबाईचा वाडा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नुकताच पोचत होता. मेंढरांची धूळ, कुत्री, पुढं बिरू, मागं लाडी आणि लाडीच्या कासऱ्याला ठकूबाई. पाहुण्यांना सतरंजी घालायला सतरंजीसुद्धा अजून बांधलेलीच होती.

ठकूबाईनं मान लववली आणि कामाला लागली. सामान सोडलं. खोगिरावरची फळी उतरवून भुईवर पूर्वेकडं तोंड करून ठेवली, हातानं पुसली. तिच्यावर ज्वारीचं माप ठेवलं. आवाज आला नाही. मग बिरूनं नळ्या भोकांत बसवल्या, वर ताडपत्री चढली, दोर ताणले गेले. बिरूच्या चुलतीनं तीन दगडांच्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. त्याला उकळी फुटायच्या आत रिकाम्या रानात घर उभं होतं आणि त्याला दार होतं.

सिदराम वायरमन बघत राहिला. "हाच वाडा?" त्यानं विचारलं.

"ह्योच," ठकूबाई म्हणाली. "ह्याला आमी वाडाच म्हणतो. तुमचा गैरसमज झाला आसंल तर आमच्याकडनं माफी."

भागुजीला आता राहवेना. कुंपणापासून म्हणाला, की मी तरी खोटं कुठं बोललो होतो?

सिदरामनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो लाडीकडं बघत होता. त्याची आजी म्हातारपणी सारखं म्हणायची, मी वाड्यावर होते तेव्हा असं होतं, वाड्यावर होते तेव्हा तसं होतं. पोरवयात सिदराम सगळ्यांना सांगत सुटायचा, आमच्या आजीचं माहेर वाड्याचं, लई श्रीमंत. नोकरीला लागल्यावर साहेबालाही सांगितलं होतं. आजी मात्र पक्क्या घरात कधी झोपली नाही. अंगणात दोर टाकून त्याच्या आत अंथरूण घालायची, आणि घरातले म्हणायचे, म्हातारीला भ्रम झाला. तो दोर कशाचा होता, हे सिदरामला आज, या रानात कळलं. त्याचे डोळे भरून आले. धुळीनं आले म्हणाला.

मग लेकीकडं वळून म्हणाला, "तुला हे चालेल का, ते तू सांग. मी आता काही मोडत नाही आणि काही जोडत नाही."

सुवर्णा खाली बघून म्हणाली, "आबा, मला ठाऊक होतं. ह्यांनी जत्रेतच सांगितलं होतं, की आमचं घर फिरतं आहे. तुम्ही वाडा वाडा म्हणून खूश होतात, म्हणून मी गप्प बसले. चुकलं माझं."

"म्हणजे मी एकटाच खुळा," सिदराम म्हणाला, आणि बिरू त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.

सुवर्णा उंबऱ्यापाशी गेली. ओलांडला नाही, अजून लग्न व्हायचं होतं. वाकून त्याच्यावर हात ठेवला. घोडीच्या पाठीची ऊब त्यात अजून होती. तिनं ठकूबाईला विचारलं, "आत्या, रोज नवं रान. मग उंबऱ्याचं तोंड कुणीकडं करायचं, हे कोण ठरवतं?"

"आजवर म्या ठरवलं," ठकूबाई म्हणाली. "तू आलीस की तू ठरव."

तुळशीची लग्नं लागली आणि पाठोपाठ बिरूचंही लागलं. सुवर्णानं माप ओलांडलं, ज्वारी आत सांडली, आणि दुसऱ्या दिवशी तोच उंबरा लाडीच्या पाठीवर चढून घाटाकडे निघाला. बाकीच्या धनगरांनीही मग बसलिंगकडून तसेच उंबरे करून घेतले. तो पोकळ उंबरा बसलिंगनं दुकानात दर्शनी भागी ठेवला, आणि कुणी वजनाबद्दल घासाघीस केली की त्यावर बोटानं टकटक करून दाखवायचा. भागुजीला लग्नात बोलावलं होतं, जेवायलाही वाढलं. फक्त त्या दिवसापासून तो कुठंही काही सांगू लागला, की ऐकणारे म्हणतात, भागुजी, आता त्याचा दुसरा अर्थही सांगून टाक.

तात्पर्य: घर हलकं असलं तरी माणूस त्यात सुखानं राहतो, पण आतून पोकळ असलेल्या शब्दावर कुणाचाही संसार उभा राहत नाही. म्हणून विश्वास ठेवायचा तर जो आपल्या मालाचं आणि आपल्या बोलण्याचं पुरतं वजन आधीच सांगतो, त्याच्यावर ठेवा. आणि बाबांनो, एवढं माझं ऐका, हिशेब चोख ठेवा. पैशाचा तर ठेवालच, पण जे बोललो त्याचा आणि बोलायचं असून गिळून टाकलं त्याचाही ठेवा.